ओ-ब्रियोंचा द्राक्षमळा : कांहीं लेखी प्रमाणें

फ्रान्समधील बोर्दो शहराच्या लगत पेसाक म्हणून गांव आहे. तेथील ओ-ब्रियों या मळ्याचें तांबडें मद्य विख्यात आहे. मद्य देशाच्या अगर बंदराच्या नांवानें न विकतां एकाच मळ्याच्या नांवानें विकण्याचा जो प्रघात पुढें रूढ झाला, त्याच्या आद्य उदाहरणांत या मळ्याची गणना होते. ही गणना कोणत्या प्रमाणांवर उभी आहे, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

स्थलनामावरून मद्य ओळखण्याची चाल जुनीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें असून कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें देशावरून पडलीं असें सांगितलें आहे. परंतु तेथें सबंध देश अभिप्रेत आहे. येथें एका घराण्याची जमीन.

झां द पोंताक हा या मळ्याचा मूळपुरुष, असें सामान्यतः सांगण्यांत येतें. १५२५ सालीं त्याचा विवाह झाला व पत्नीच्या स्त्रीधनांतून येथील जमीन त्याजकडे आली. १५४९ च्या सुमारास त्यानें वाड्याचें काम काढलें. परंतु १५२१ च्या एका दस्तऐवजांत 'ओब्रियों' या जागेच्या उत्पन्नांतून दरसाल मद्य देण्याचा करार आढळतो. यावरून पोंताकानें मळ्यास वैभव आणलें हें खरें असलें, तरी द्राक्षें त्याच्या पूर्वींच तेथें होतीं हें उघड आहे.

पुढील प्रमाणें लंडनचीं आहेत. राजा दुसरा चार्ल्स याच्या कोठीच्या १६६०-६१ च्या हिशेबांत 'होब्रिओनो' मद्याच्या १६९ बाटल्या नोंदल्या आहेत. आरमारखात्यांतील अधिकारी सॅम्युएल पीप्स यानें १० एप्रिल १६६३ च्या रोजनिशींत, एका पानगृहांत 'हो ब्रायन' नांवाचें फ्रेंच मद्य प्यालों व त्याची रुचि उत्तम आणि अगदीं निराळी वाटली, असें लिहिलें आहे. हीं दोन्हीं नांवें ओ-ब्रियोंचींच काय, अशी शंका येईल. पीप्सची रोजनिशी लघुलिपींत आहे. तथापि विशेषनामें तो बहुधा साध्या अक्षरांतच लिही. तेव्हां हा अपभ्रंश मागाहून लिप्यंतर करणाराचा नसून पीप्सनें कानानें ऐकलेला उच्चार आहे, असें आम्हांस वाटतें. परस्परांशीं संबंध नसलेले दोन लेखक एकाच शहरांत, तीनच वर्षांच्या आंत, इतकीं जवळचीं रूपें लिहितात, हा केवळ योगायोग म्हणवत नाहीं. शिवाय १६६६ सालीं पोंताकाच्या वंशजानेंच लंडनांत पानगृह उघडलें. अर्थात् गिऱ्हाईक तेथें आधींच तयार होतें.

तिसरा साक्षी तत्त्वज्ञ जॉन लॉक. १६७७ सालीं त्यानें मळा समक्ष पाहिला व जमीन पांढऱ्या वाळूची, थोड्या खड्यांची आणि पश्चिमेस मोकळी असून तींत कांहीं पिकेल असें वाटत नाहीं, असें टिपून ठेविलें. मद्याचें मर्म याच निकृष्ट दिसणाऱ्या जमिनींत आहे. पाणी न तुंबतां निचरून जातें, मुळें खोल जातात, तापलेले खडे ऊब देतात. घड थोडे, पण रस दाट होतो. रंग सालींत असल्यामुळें रस सालींसह आंबवितात, मग ओकच्या पिंपांत भरून ठेवितात. पिंपांतून जें उडून जाईल तें वरचेवर भरून काढावें लागतें, नाहीं तर वाऱ्यानें मद्य आंबट होतें. गाळ खालीं बसला म्हणजे निवळ भाग दुसऱ्या पिंपांत घेतात. आजही रीत मूलतः हीच आहे. मात्र १९६१ सालीं येथें आंबविण्यासाठीं पोलादी टाक्या बसविण्यांत आल्या.

१८५५ च्या सुप्रसिद्ध प्रतवारींत पहिल्या वर्गांत चारच मळे बसले. त्यांपैकीं तीन मेदोक प्रांताचे होते. त्या प्रांताबाहेरचा हा एकटाच.

या सर्व निर्णयाचीं साधनें काय, तर एक करारपत्र, एक कोठीचा हिशेब, एक रोजनिशी व एक प्रवासटिपण. लिहिणारांपैकीं कोणासही इतिहास लिहावयाचा नव्हता. आमच्या संग्राहक वाचकांच्या दप्तरांतही कोठीचे जमाखर्च व जिन्नसवार याद्या 'किरकोळ' या सदराखालीं पडून असतात. ते रुमाल रद्दींत काढण्यापूर्वीं एकवार सोडून, त्यांतील स्थलनामें जशींच्या तशीं, अपभ्रंशासह, उतरून घ्यावींत, एवढीच आमची विनंति आहे.