बोगस पीकविम्याचा संशय आला तर

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६च्या खरीप हंगामापासून लागू झाली, तेव्हा विमा संरक्षित रकमेच्या खरिपात कमाल दोन टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के एवढाच हप्ता शेतकऱ्याने भरावा आणि उरलेला भार केंद्र व राज्य सरकारने उचलावा, अशी तिची रचना होती. महाराष्ट्राने २०२३च्या खरिपात शेतकऱ्याचा वाटाही स्वतःवर घेऊन अर्जामागे केवळ एक रुपया ठेवला. गरीब शेतकऱ्याला दिलासा देणारा हा निर्णय हेतूने चांगला होता. मात्र अर्ज भरण्याला जवळजवळ खर्चच उरला नाही आणि अर्ज भरून देणाऱ्या सामूहिक सेवा केंद्रांना प्रत्येक अर्जामागे चाळीस रुपये मिळत असल्याने अर्जांची संख्या वाढवण्यात काहींचा थेट फायदा निर्माण झाला. पडताळणीत शासकीय जमिनी, बिगरशेती क्षेत्र, धार्मिक स्थळांच्या जागा आणि दुसऱ्याच्याच नावचे सातबारे यांवर विमे उतरवल्याचे आढळले, आणि २०२५च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची सवलत बंद करून शेतकऱ्याचा हिस्सा पूर्ववत केला. म्हणजे लबाडी केली काहींनी आणि सवलत गेली सगळ्यांची.

या फसवणुकीची झळ प्रामाणिक शेतकऱ्याला कशी बसते, हे भरपाईची पद्धत समजल्याशिवाय ध्यानात येत नाही. या योजनेत भरपाई प्रामुख्याने महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते, म्हणजे निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग करून मंडळाचे सरासरी उत्पादन काढले जाते आणि ते ठरलेल्या ‘उंबरठा उत्पादना’पेक्षा कमी भरले, तर त्या मंडळातील त्या पिकाच्या सर्व विमाधारकांना त्याच प्रमाणात रक्कम मिळते. त्यामुळे ज्याने कांदा लावलेलाच नाही, त्यालाही शेत न दाखवता कांद्याची भरपाई पदरात पाडून घेता येते. पण बाब इथेच थांबत नाही. विमा उतरवलेले क्षेत्र प्रत्यक्ष पेरणीपेक्षा जास्त निघाले, तर भरपाई त्या प्रमाणात कमी करण्याची तरतूद योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. समजा, एखाद्या मंडळात हजार हेक्टरवर पीक असताना दोन हजार हेक्टरचा विमा निघाला, तर ज्याच्या शेतात खरोखर पीक बुडाले त्याच्याही रकमेला निम्मी कात्री लागू शकते.

संशय येण्याचे प्रसंग सहसा दोन असतात. एक म्हणजे शेतकरी स्वतःचा अर्ज भरायला जातो तेव्हा त्याच्या गटाचे क्षेत्र आधीच विमित दिसते. दुसरा म्हणजे गावात ज्या पिकाचा मागमूस नाही, त्याच पिकाची भरपाई कोणाच्या तरी खात्यात जमा झाल्याची चर्चा होते. दोन्ही वेळी पहिली शंका स्वतःच्या समजुतीवर घ्यावी. कुळाने किंवा बटाईने शेती कसणाऱ्यालाही या योजनेत भाग घेता येतो, त्यामुळे सातबारा एकाचा आणि अर्ज दुसऱ्याचा असणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. केंद्रचालकाने गट नंबर टाकताना केलेली चूक, किंवा पहिले पीक मोडून केलेली दुबार पेरणी, यांतूनही नोंदी विसंगत दिसतात.

शंका टिकली, तर कागद गोळा करावेत, आणि तेही आपल्या हक्काचे. स्वतःचा सातबारा व आठ-अ, ई-पीक पाहणीत नोंदलेले पीक, विम्याच्या अर्जाची पावती, शेताचे तारखेसह छायाचित्र एवढे पुरते. अर्जासोबत जोडलेला ‘पीक पेरा’, म्हणजे अमुक क्षेत्रावर अमुक पीक पेरल्याचे शेतकऱ्याचे स्वयंघोषणापत्र, यात सर्वांत महत्त्वाचे असते, कारण बनावट सही बहुधा त्याच कागदावर सापडते. माहिती अधिकार कायदा २००५ खाली गावातील पीकनिहाय विमित क्षेत्राची आकडेवारी मागता येते आणि ती पेरणीच्या नोंदींशी ताडून पाहता येते. कोणाचे खाते किंवा आधार क्रमांक मिळवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण तो तपास यंत्रणेचा अधिकार आहे.

तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी, तिची प्रत संबंधित विमा कंपनीला पाठवावी आणि शिक्क्यानिशी पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील तालुका समिती आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय तक्रार निवारण समिती हे पुढचे टप्पे आहेत. केंद्र सरकारचा मदत क्रमांक १४४४७ आहे. स्वतःची सही, आधार किंवा जमीन बनावटरीत्या वापरली गेली असेल, तर मात्र समितीची वाट न पाहता पोलिसांत जावे, कारण फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील आणि बनावट दस्तऐवज हा कलम ३३६ खालील गुन्हा आहे. आयुर्विमा, आरोग्य वा वाहन विम्यातील फसवणुकीसाठी आधी कंपनीला कळवावे आणि नंतर विमा नियामक प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर जावे. विमा लोकपालाकडे फक्त स्वतःच्या पॉलिसीची तक्रार चालते.

गावात शेजाऱ्याविरुद्ध लिहिणे सोपे नसते, कारण केंद्रचालकाशी रोजचा संबंध असतो आणि वैर वर्षानुवर्षे पुरते. ही भीती खोटी नाही. म्हणूनच तक्रारीत ‘अमका चोर आहे’ असे न लिहिता ‘या गटावर या हंगामात हे पीक नव्हते, तरी विमा उतरल्याचे दिसते, चौकशी व्हावी’ असे लिहावे आणि नाव गोपनीय ठेवण्याची विनंती करावी. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या आरोपाला बदनामीच्या कायद्यात संरक्षण आहे. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेल्या नावांच्या यादीला ते मिळेलच असे नाही, आणि जाणूनबुजून खोटा आरोप करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. भरपाईचे वाटप होण्याआधी आलेल्या तक्रारीची पडताळणी करणे यंत्रणेला सोपे जाते, तेव्हा शेतकऱ्यांनी हंगाम संपण्याची वाट न पाहता अर्ज भरल्याच्या दिवशीच पावतीवरील गट नंबर, पीक, क्षेत्र आणि खाते क्रमांक वाचून घ्यावेत आणि विसंगती दिसली तर त्याच आठवड्यात लेखी कळवावी.