आरमाराचे यंत्रघर

पावसाळ्यात लोणावळ्याहून भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींची जी रीघ लागते, तिच्यातील अनेकांच्या कानावर त्याच परिसरातील एका नौदली संस्थेचे नाव पडते. पण सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर, आरमाराचे असे काय अडले आहे, हा प्रश्न मात्र थोड्यांनाच पडतो. ‘आयएनएस शिवाजी’ हे त्या संस्थेचे नाव. नौदलाच्या शिरस्त्याप्रमाणे किनाऱ्यावरील ठाण्यांनाही जहाजांचीच नावे देतात, आणि नाव दिले की जहाजाचा सारा रिवाजही तेथे लागू होतो. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, महायुद्ध संपण्यापूर्वी काही महिने, हे ठाणे येथे सुरू झाले. आणि तेव्हापासून युद्धनौकांच्या पोटात राहून त्यांची यंत्रे चालविणारी, जपणारी आणि प्रसंगी भर समुद्रात उघडून पुन्हा जुळविणारी माणसे येथे घडत आली आहेत. त्यांतील कुशल तंत्रज्ञाला नौदलात ‘आर्टिफिसर’ म्हणतात, आणि याच माणसाचा परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विद्येची मुंबईतील परंपरा मात्र लोणावळ्याच्या ठाण्याहून पुष्कळ जुनी आहे. अठराव्या शतकात सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजांच्या बांधणीचा पाया घातला. पण शिडे जाऊन वाफ आली, तेव्हा केवळ सुताराच्या हिकमतीवर भागेनासे झाले. मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची नौका १८३० साली सुएझपर्यंत जाऊन आली, आणि वाऱ्याऐवजी कोळशाचा हिशेब ठेवणारा एक नवा वर्ग गोदीत उदयाला आला. याच वाडिया घराण्यातील आर्देसर खरशेदजी हे पुढे गोदीतील वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंता झाले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले, आणि तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. कंपनी सरकारच्या अंमलात युरोपीय कारागीर एका एतद्देशीयाच्या हुकमाखाली काम करीत, ही गोष्ट त्या काळी अनेकांना रुचणारी नव्हती. पण यंत्राला वर्ण कळत नाही, आणि ज्याला यंत्र कळते त्याच्यावाचून कारखाना चालत नाही. आर्देसरांच्या हयातीत आणि त्यांच्या पश्चातही भट्टीपुढे राबणारे आगवाले आणि यंत्रांना तेल घालणारे तेलवाले यांची एक दीर्घ, निनावी परंपरा या बंदरात चालू राहिली. दप्तरात त्यांची नोंद बहुधा पगारपत्रकापुरतीच झाली.

आर्टिफिसरच्या शिक्षणाचा आरंभ मोठ्या यंत्रापासून होत नाही, तो कानशीपासून होतो. शेगड्यात पकडलेला लोखंडाचा ठोकळा हाताने घासून चौरस करावयाचा, त्याला गुण्या लावून तो उजेडापुढे धरावयाचा, आणि पात्याखालून उजेडाची बारीकशी रेघ दिसली की पुन्हा घासावयास लागावयाचे, हा धडा दिसावयास क्षुल्लक वाटतो. पण आपल्या हाताची चूक आपल्याच डोळ्यांनी पाहण्याची सवय येथे लागते. पुढे बेअरिंग बसविण्याची पाळी येते. दंडाला निळ्या रंगाचा अगदी पातळ लेप द्यावयाचा, दंड बेअरिंगमध्ये ठेवून फिरवावयाचा, आणि मऊ धातूच्या अस्तरावर जेथे जेथे निळे ठिपके उमटतील तेथला उंचवटा स्क्रेपरने अलगद तासावयाचा. ठिपके साऱ्या पृष्ठभागावर सारखे विखुरलेले दिसेपर्यंत ही आवर्तने करीत राहावयाचे. एक फटका जास्त बसला तर खोलगट झालेली जागा परत भरून येत नाही. म्हणून जो उतावळा आहे त्याला हे काम साधत नाही, आणि ज्याला साधते त्याचा उतावळेपणा उरत नाही. गीतेतील कर्मकौशल्याचा विचार या संस्थेने आपले ब्रीद म्हणून स्वीकारला आहे, तो अशा वेळी केवळ भिंतीवरचा अलंकार वाटत नाही.

कारखान्यातील यंत्रज्ञ आणि नौदलातील यंत्रज्ञ यांच्यात हत्यारांचा भेद फारसा नाही. भेद आहे तो परिस्थितीचा. किनाऱ्यावर यंत्र बिघडले तर ते बंद करता येते, सुटा भाग मागविता येतो, बाहेरचा जाणकार बोलाविता येतो. समुद्रावर यांपैकी काहीच शक्य नसते. तेथे पाणी आत आले तर ते अडविण्याचे कामही याच माणसाचे. म्हणून लोणावळ्याला डोलणाऱ्या, जोराने पाणी घुसणाऱ्या कृत्रिम दालनात त्याला उभे करून, कमरेएवढ्या पाण्यात लाकडी खुंट्या, पाचरा आणि टेकू यांनी भगदाड बुजविण्याचा सराव त्याच्याकडून करवून घेतात. आगीशी झुंजण्याचे शिक्षणही त्याला येथेच मिळते.

वाफेच्या नौकेवरील यंत्रघर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तेथील उष्म्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. चार-चार तासांच्या पाळ्या, दर तासाला लॉगबुकात नोंदविलेले दाब आणि तापमान, बॉयलरच्या काचनळीत स्थिर राहिली पाहिजे अशी पाण्याची पातळी: या तीन गोष्टींत त्या जगाचा बहुतेक व्यवहार सामावतो. धुराड्यातून काळा धूर निघाला तर जळणाला हवा कमी पडते आहे, पांढरा निघाला तर ती जास्त झाली आहे. आणि युद्धकाळात दोन्ही रंग शत्रूला जहाजाचा ठावठिकाणा सांगतात. याहून सूक्ष्म शत्रू म्हणजे मीठ. वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमध्ये समुद्राचे पाणी नळ्यांतून खेळत असते. त्यांतील एखाद्या नळीस केसाएवढी जरी फट पडली, तरी खारे पाणी बॉयलरपर्यंत पोहोचून पोलादाला आतून पोखरू लागते. म्हणून यंत्रज्ञ परीक्षानळीत त्या पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडतो. पाणी निर्मळ राहिले तर ठीक. पण दुधाळ गढूळपणा आला की मध्यरात्र असली तरी वरिष्ठाला उठवावे लागते. त्या नळीकडे पाहणारा माणूस त्या क्षणी एकटाच असतो, आणि त्याने काय लिहिले यावर शेकडो माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.

यंत्रज्ञाच्या अशा पारखीचे महत्त्व ‘विक्रांत’च्या इतिहासाइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल. १९६१ साली नौदलात दाखल झालेल्या या विमानवाहू नौकेची मूळ बांधणी दुसऱ्या महायुद्धातली. १९७० च्या जूनमध्ये ती मुंबईच्या गोदीत असताना तिच्या बॉयलरांच्या पाण्याच्या पिंपांना तडे गेल्याचे आढळले. सांधकामाने ते बुजण्यासारखे नव्हते आणि बदली पिंपे येथे मिळत नव्हती. ती ब्रिटनहून मागविण्यात आली आणि तोवर बॉयलर पेटवू नयेत असा मुख्यालयाचा हुकूम सुटला. जहाज कित्येक महिने निश्चल राहिले. पूर्वेकडे युद्धाचे ढग जमू लागले, तरी नवी पिंपे आली नव्हती. अखेर १ मार्च १९७१ रोजी बॉयलर कमी दाबावर पेटविण्यात आले, समुद्रावर चाचण्या झाल्या, आणि दाब दर चौरस इंचास ४०० पौंडांपुरता, तर वेग चौदा नॉट्सपुरता मर्यादित ठेवावा, असे ठरले. विमानवाहू नौकेचा वेग ही केवळ प्रवासाची बाब नसते: डेकवरून विमान उडावयाचे तर समोरून पुरेसा वारा यावा लागतो, आणि वारा पडलेला असेल तर तो जहाजाने स्वतःच्या धावेने निर्माण करावा लागतो. इतक्या मर्यादा पत्करून ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात गेली, आणि ४ डिसेंबरपासून तिच्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथील ठाण्यांवर हल्ले चढविले. वैमानिकांच्या पराक्रमाची कीर्ती झाली, ती यथायोग्यच झाली; परंतु तडा गेलेल्या पोलादाकडून नेमके किती काम घेता येईल याचा अंदाज ज्यांनी बांधला, आणि त्या अंदाजावर भिस्त ठेवून ज्यांनी बॉयलरपुढे पाळ्या केल्या, त्यांचे धैर्य निराळ्या जातीचे होते. त्यांनी यंत्र निर्दोष केले नाही. दोषासकट त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हे त्यांनी ओळखले. निष्णात वैद्य रोग्याला तरुण करीत नाही, त्याला काय झेपेल ते सांगतो, तसेच हे आहे.

वाफेचे युग आता बव्हंशी मावळले आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कोचीला नौदलात दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ चार गॅस टर्बाइनांवर चालते. काही मिनिटांत पूर्ण शक्ती देणारे हे यंत्र मोठी दुरुस्ती निघाली की जहाजातून अखंड बाहेर काढतात, त्याच्या जागी दुसरे बसवितात, आणि मूळ यंत्र विशाखापट्टणम येथील ‘आयएनएस एक्सिला’सारख्या ठिकाणी खोलून तपासतात. यंत्रघरात माणसे कमी झाली, पडद्यांवरील आकडे वाढले. कंपनांचा आलेख पाहून बेअरिंगची झीज आधीच ताडता येऊ लागली. तेव्हा कानस घासणाऱ्या हाताची मातबरी संपली, असे कोणी म्हणेल. पण आकडा देणारा सेन्सर स्वतःच फसवा असेल तर ते कोणी ओळखावयाचे? ज्याने उजेडापुढे गुण्या धरून आपली चूक पाहिली आहे, त्यालाच पडद्यावरच्या सफाईदार आकड्याविषयी शंका घेण्याचा अधिकार पोहोचतो.

नौदलाच्या उतरंडीत हा माणूस अधिकारी नव्हे. पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर आणि अखेर मास्टर चीफ, अशा पायऱ्या तो चढतो. त्याच्या वरचा अभियंता अधिकारी अनेकदा त्याच्याहून वयाने लहान असतो आणि ठराविक मुदतीनंतर दुसऱ्या नेमणुकीवर जातो. तरी हुकूम त्या अधिकाऱ्याचा चालतो, आणि तो हुकूम मास्टर चीफच्या सांगण्यावर आधारलेला असतो. या नात्यात एकाने ‘हे यंत्र उद्या निघण्याजोगे नाही’ असे निर्भीडपणे सांगावे लागते, आणि दुसऱ्याने वेळापत्रक व वरिष्ठांची नाराजी बाजूला सारून ते ऐकून घ्यावे लागते. पहिली गोष्ट शिक्षणाने बरीचशी साधते. दुसरी मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात बसविता येत नाही. आरमाराचे बळ मोजताना आपण तोफा, क्षेपणास्त्रे आणि विमाने मोजतो. त्या मोजणीत या दोन माणसांमधील विश्वासाची गणना होत नाही, आणि तो नसेल तर बाकीच्या सर्व आकड्यांना बंदराबाहेर काही किंमत उरत नाही.