लसीची तारीख वडिलांनाही पाठ असावी

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवराची साथ पसरली. सर्वांत मोठा फटका गोवंडीला बसला. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. या साथीत चिमुकली मुले दगावली. आजारी पडलेल्यांपैकी अनेकांना लस मिळालेली नव्हती. या वस्त्या आपल्याच आहेत. म्हणून उपायाची सुरुवातही आपल्या घरापासून करू या.

गोवर म्हणजे पुरळ येऊन आपोआप जाणारा आजार, असे आपल्याकडे अजून समजतात. प्रत्यक्षात रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही गोवराचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. एका खोलीत सात-आठ माणसे राहत असतील, तर बाळाला वेगळे ठेवणार कुठे? कुपोषित मुलाला त्यातून न्यूमोनिया आणि जुलाब होतात, क्वचित दृष्टीही जाते.

गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला, तर बाळाला जन्मतःच बहिरेपणा, मोतीबिंदू किंवा हृदयाचा दोष असू शकतो. म्हणजे आज मुलीला दिलेली लस पुढे तिच्या बाळालाही जपते.

मग डोस चुकतो का? आई धुण्याभांड्याला जाते किंवा घरी मणी ओवते. दवाखान्यात गेले की मजुरी बुडते. लसीनंतर मूल तापले, तर "नेलंस कशाला?" हे तिलाच ऐकावे लागते. न्यायचे की नाही, हे मात्र बहुधा नवरा आणि सासू ठरवतात.

काही घरांत हलाल-हरामची शंका असते. ती हसण्यावारी नेऊ नये. पुण्यात बनणाऱ्या याच लसीबद्दल २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेसमोर हा प्रश्न आला. लसीच्या निर्मितीत डुकरापासूनचा घटक वापरला जातो, हे परिषदेने मान्य केले. तरीही हलाल पर्याय उपलब्ध नाही आणि मुलांच्या जिवाला धोका आहे, हे पाहून निकडीपोटी तिचा वापर मुबाह ठरवला. शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावे, पण विचारण्यात महिने घालवू नयेत. तवक्कुल हा उंट बांधल्यानंतरचा भरवसा आहे.

आपण काय करू शकतो? वडिलांनी लसीची तारीख लक्षात ठेवावी आणि त्या दिवशी स्वतः सोबत जावे. सासूबाईंनी तापलेल्या नातवंडाला एक रात्र मांडीवर घ्यावे. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीतून लसीकरणाचा दिवस सांगितला जावा. गावाहून परतलेल्या कुटुंबाने कार्ड आशाताईंना दाखवावे. डोस चुकला असेल तरी पाच वर्षांपर्यंत तो देता येतो. आज घरातले कार्ड काढून बघा. एखादा रकाना रिकामा असेल, तर याच आठवड्यात दवाखाना गाठा.