बॉल उचला की, सर!

बॉसचा बॉल होलशेजारी पडलाय, क्लायंट शॉट मारायच्या तयारीत आहे. बोलायचं की गप्प बसायचं?

रविवारी रात्री साडेनऊला मित्राचा फोन. हा मूळ लातूरचा, गेली पाच वर्षं पुण्यात आयटीत. हॅलो नाही, काही नाही, थेट, "काय करायलीस गं? एक इचारू का?" मी नांदेडची. पुण्यात कितीही वर्षं काढली, तरी आम्ही दोघं एकमेकांशी बोलताना 'करायलीस-जायलास'वर येतोच. आमच्या ग्रुपमध्ये गोल्फवर कधीतरी लिहिलेली मी एकटीच, म्हणून हा कॉल माझ्या वाट्याला आला.

झालं होतं असं. त्याच्या कंपनीचा गोल्फ डे होता. चौघांचा ग्रुप: हा, याचा बॉस, एक मोठा क्लायंट आणि क्लायंटचा सहकारी. चौदाव्या होलवर बॉसचा बॉल होलच्या मागे दीडेक फुटावर येऊन थांबला. क्लायंटचा बॉल अजून ग्रीनच्या बाहेर, गवतात. बॉस खिशातून नाणं काढून आपला बॉल मार्क करायला निघाला, तेवढ्यात क्लायंट हसत म्हणाला, "राहू द्या हो, झाली तर मदतच होईल." बॉसही हसला. नाणं परत खिशात. क्लायंटनं चिप मारली, जरा जोरातच. बॉल होलवरून पुढे निघून चालला होता... पण टक्! बॉसच्या बॉलवर आदळला आणि होलपासून वीतभर अंतरावर थांबला. टाळ्या, हायफाय, "वा सर!"

संध्याकाळी क्लायंट एका शॉटनं दुसरा आला. तिसरा आलेला माणूस दुसऱ्याच ग्रुपमधला होता. चौदाव्या होलवर काय झालं, याचा त्याला पत्ताही नव्हता. त्यानं टाळ्या वाजवल्या आणि घरी गेला. आणि क्लायंटचं स्कोअरकार्ड लिहून त्यावर सही कुणी केली होती? आमच्या लातूरकरानं.

"आता सांग, हे मॅनर्स झाले का चीटिंग?"

ज्यांनी गोल्फ फक्त चॅनेल बदलताना पाहिलाय, त्यांच्यासाठी थोडं थांबते. ग्रीन म्हणजे होलभोवतीचा, एकदम बारीक कापलेल्या गवताचा भाग. इथे आलेला बॉल तुम्ही उचलू शकता, पण आधी त्याच्या लगेच मागे किंवा शेजारी नाणं नाहीतर छोटा मार्कर ठेवायचा. मार्क न करता उचललात तर एक पेनल्टी स्ट्रोक. आता हा बॉल न उचलता तसाच होलमागे ठेवला, तर तो दुसऱ्याच्या बॉलसाठी भिंतीचं काम करतो. पुढे पळणारा बॉल तिथे अडतो. याला गोल्फवाले 'बॅकस्टॉपिंग' म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे सगळे शॉट मोजतात त्या प्रकारात, तुमचा आणि दुसऱ्याचा असे दोन्ही बॉल ग्रीनवर असताना तुम्ही पट केलात आणि तो दुसऱ्याच्या बॉलला लागला, तर तुम्हाला दोन स्ट्रोकची पेनल्टी. पण तुम्ही ग्रीनच्या बाहेरून मारलंत आणि टक्कर झाली, तर पेनल्टी शून्य! तुमचा बॉल जिथे थांबला तिथून पुढे खेळायचं. ज्याला धक्का बसला तो बॉल मूळ जागी परत ठेवायचा. म्हणजे मारणाऱ्याचा फायदा आणि बॉल ठेवणाऱ्याचा पैशाचाही तोटा नाही. फुकटात उपकार! मग मोह होणारच की.

तोटा होतो तो तिथे नसलेल्याचा. त्या तिसऱ्या आलेल्या माणसाचा.

२०१९च्या नव्या नियमावलीत हे सगळं नियम १५.३ए मध्ये आलंय. होलजवळ पडलेल्या बॉलची कुणालाही मदत होऊ शकते असं वाटलं, तर तुम्ही आपला बॉल मार्क करून उचलू शकता. दुसऱ्याचा असेल, तर त्याला उचलायला लावू शकता. लावू शकता, विनंती वगैरे नाही. त्यानं ऐकलं नाही तर पेनल्टी त्याला. स्ट्रोक प्लेमध्ये त्याच्यापुढे आणखी एक पर्याय असतो: उचलायचा नसेल तर आधी स्वतः खेळून टाकायचं. पण दोघांनी मिळून "मदत होईल, राहू दे" असं ठरवलं आणि शॉट मारला गेला, तर ठरवणाऱ्या प्रत्येकाला दोन-दोन स्ट्रोक. २०१९च्या आधी तर थेट स्पर्धेतून बाद करत.

थोडक्यात, बॉसला दोन आणि क्लायंटला दोन. ट्रॉली बॅग तिसऱ्याची.

हे ऐकून पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "आणि मी सही केलो ती?" खोटा स्कोअर माहीत असून सही करणाऱ्यालाही बाद करावं, असं नियम सांगतो. त्या दिवशी त्याला नियम माहीत नव्हता, म्हणून सुटला. आता माहीत झालाय, ही माझी चूक!

नियमात एक मोठी पळवाटही आहे. शिक्षा आहे ती 'ठरवण्या'ला. काही न बोलता, खेळ रखडू नये म्हणून बॉल तसाच राहिला, तर काही होत नाही. मग न बोलता ठरवलं तर? मोठमोठ्या खेळाडूंचं घोडं इथेच अडलंय. २०१६ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या जिमी वॉकरनं २०१८ मध्ये ट्विटरवर मोकळेपणानं लिहून टाकलं, की समोरचा आवडीचा असेल तर बॉल राहू देतात, नसेल तर मार्क करतात. झालं! चोहोबाजूंनी टीका. मला विचाराल तर त्याचं चुकलंच, पण निदान खरं बोलला. २०२१च्या मे महिन्यात थायलंडच्या एलपीजीए स्पर्धेत अठराव्या होलवर एमी ऑल्सनची चिप अरिया जुतानुगार्नच्या मार्क न केलेल्या बॉलला लागून होलजवळच थांबली. दोघींनी मुठीला मूठ लावली आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. एलपीजीएनं चौकशी केली. दोघींमध्ये काही ठरलं नव्हतं, म्हणून नियमभंग नाही, असा निकाल दिला. ती स्पर्धा अरियानंच एका स्ट्रोकनं जिंकली. नियमाच्या हिशोबानं निकाल बरोबरच आहे. पण तो व्हिडिओ पाहताना पोटात काहीतरी खटकतं, हे नक्की.

आणि एके काळी तर उलटंच होतं बरं का! मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याचा बॉल तुमच्या वाटेत आडवा आला, तरी उचलता यायचा नाही. दोन बॉल सहा इंचांच्या आत असतील तरच उचलायचा. याला 'स्टायमी' म्हणत. १९३० मध्ये सेंट अँड्र्यूजला बॉबी जोन्सनं सिरिल टॉलीला एकोणिसाव्या होलवर असंच अडवून हरवलं होतं. १९५२ मध्ये स्टायमी रद्द झाली.

नांदेडला आमच्या गल्लीत गोट्या खेळताना मी भावांच्या बरोबरीनं धूळ खाल्लीय. गलीच्या तोंडाशी एखाद्याची गोटी पडली असेल आणि दुसऱ्यानं ती मुद्दाम राहू दिली, तर पंचवीस गळे एकदम ओरडायचे, "मिलीभगत! मिलीभगत!" नियमावली नव्हती, पण प्रेक्षक होते. गोल्फमध्ये अंपायर प्रत्येक ग्रुपबरोबर फिरत नाही आणि शेजारचा ग्रुप दोनशे मीटर लांब असतो. ओरडणार कोण? ग्रुपमधला जो सगळ्यात ज्युनियर, त्यानं?

मित्राची खरी अडचण तीच. "पाहुण्याला कसं म्हणायचं गं?" आमच्याकडची ही भीड! लग्नात तिसरी जिलेबी नको म्हणता येत नाही, तिथे क्लायंटच्या समोर बॉसला 'बॉल उचला' कसं म्हणणार? त्यात ग्रीन पाहिलं की याच्या डोक्यात आधी पाणीच येतं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा हा तिथेच होता. घरची घागर आठवत तो त्या हिरव्यागार गवतावर चालतो, आणि आपण इथे जरा उपरेच आहोत असं त्याला अजून वाटतं. (पाण्याची टंचाई असलेल्या भागात ग्रीनऐवजी तेल घातलेल्या वाळूचे 'ब्राउन' करायची पद्धत भारतात जुनी आहे. नियम तिथेही हाच.)

मग मी त्याला एक साधा फंडा दिला. वेळ महत्त्वाची. चिप लागल्यावर बोललात तर भांडण, आधी बोललात तर मॅनर्स. आणि वाक्य असं टाकायचं, "सर, तुमचा बॉल मी मार्क करून देऊ का?" मालकानं हो म्हटलं की दुसऱ्यानं उचललेला चालतो. न विचारता मात्र हात लावायचा नाही. आपल्या कॅडीला आपला बॉल ग्रीनवर न विचारता उचलायची मुभा असते, म्हणून अनुभवी कॅडी आपण पोचायच्या आत नाणं ठेवून मोकळे होतात. बघून शिका!

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच कोर्स, तोच क्लायंट, होल मात्र सातवा. बॉसचा बॉल होलपासून दोन फुटांवर. आमच्या गड्यानं घसा खाकरला आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. बॉसनं त्याच्याकडे पाहिलं, मग क्लायंटकडे, आणि म्हणाला, "हो, कर ना." यानं एक रुपयाचं नाणं ठेवलं, बॉल उचलून पुसून बॉसच्या हातात दिला. क्लायंटची चिप होलवरून सरळ पंधरा फूट पुढे गेली. पुढचे दोन होल कुणी फारसं बोललं नाही.

पुढच्या गोल्फ डेची यादी गुरुवारी लागते. हा सकाळपासून मेल रिफ्रेश करायलाय.