जांगड मालावर सावरलेला बाजार

दूरदर्शन संचाला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम हा मुलांचा विषय म्हणून आपण बाजूला सारतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्याचा इतिहास पत गमावण्याचा आणि ती पुन्हा मिळविण्याचा आहे.

घरगुती खेळाचा पहिला संच, ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’, अमेरिकेत १९७२ साली विक्रीस आला. त्याला आवाज नव्हता. पडद्यावर रंगीत पारदर्शक चित्रे चिकटवावी लागत. पुढे १९७७ साली अटारी कंपनीने आणलेल्या संचामुळे, संच एकदा घ्यावा आणि कॅसेट पुन्हा पुन्हा घ्याव्यात, ही रीत घरोघरी रुळली. त्या संचात चालणारी कॅसेट मात्र कोणीही तिऱ्हाईत बनवू शकत होता. तेजी होती तोवर हे खपले. मग निकृष्ट मालाचा पूर लोटला. खुद्द अटारीनेही १९८२ च्या नाताळासाठी ‘ई.टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ अवघ्या पाच-सहा आठवड्यांत उरकला. कॅसेट ढिगांनी पडून राहिल्या, दुकानदारांनी मिळेल त्या भावाने माल काढला आणि माल परत घ्यायला अनेक कंपन्या उरल्याच नाहीत. अटारीने १९८३ मध्ये न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे चक्क पुरून टाकला. २०१४ मध्ये तो उकरून काढण्यात आला.

अशा पोळलेल्या पेठेत पाऊल टाकले ते क्योटोच्या निन्टेन्डोने. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ साली फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्यासाठी काढलेली ही पेढी. त्यांचे पणतू हिरोशी यांनी १९४९ साली, ऐन विशीत, तिची सूत्रे हाती घेतली. त्यांचा ‘फॅमिकॉम’ संच जपानात १९८३ साली आला. अमेरिकेची शाखा हिरोशींचे जावई मिनोरू अराकावा सांभाळत होते; तेथील दुकानदार मात्र व्हिडिओ गेमचे नावही काढू देईनात. तेव्हा १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संचासोबत एक खेळण्यातला यंत्रमानव देऊन तो खेळणे म्हणून मांडला. दुकानांतील मांडणी कंपनीच्या माणसांनी स्वतः केली, आणि माल चक्क जांगड दिला: खपेल त्याचेच पैसे, उरलेला परत. आपल्याकडील कोणत्याही जुन्या पेढीला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

पत बसल्यावर लगामही आला. संचातील कुलूपवजा चिप परवान्याविना बनलेली कॅसेट चालू देत नसे. परवानाधारकाला वर्षाला साधारण पाचच खेळ काढता येत. कॅसेट निन्टेन्डोकडूनच, आगाऊ पैसे भरून, बनवून घ्याव्या लागत. माझ्या मते पाच खेळांचे बंधन हेच यातले खरे शहाणपण. बाकीचा भाग हळूहळू जाचाकडे झुकला.

हाच ताठा पुढे अंगाशी आला. सोनीबरोबर सीडीवर चालणारा संच काढण्याचा करार झाला होता. १९९१ मध्ये सोनीने त्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. दुखावलेल्या सोनीने डिसेंबर १९९४ मध्ये स्वतःचा ‘प्लेस्टेशन’ आणला. सीडी स्वस्तात निघे, कॅसेट महाग पडे. निन्टेन्डोच्या अटींना कंटाळलेले खेळनिर्माते तिकडे वळले. ‘फायनल फँटसी’ ही निन्टेन्डोच्या घरची मालिकाही १९९७ साली सोनीकडे गेली. पुढचा ‘प्लेस्टेशन २’ तर १५ कोटींहून अधिक खपला.

आता २०२० च्या ‘प्लेस्टेशन ५’ची एक आवृत्ती अशी आहे, की तिला चकती घालण्याची जागाच नाही. खेळ इंटरनेटवरून थेट कंपनीकडून उतरवायचा. ज्या दुकानदाराची मनधरणी करण्यासाठी माल जांगड द्यावा लागला होता, त्याला त्या विक्रीत जागा उरलेली नाही.