ट्रकच्या इंजिनातलं ऑइल आपोआप का वाढतं?

ऑइल कमी झालं की ड्रायव्हर लगेच डबा आणतो. पण न भरता डिपस्टिकवरची पातळी वर गेली तर? हे जास्त गंभीर. ऑइल पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय, म्हणजे बहुधा इंजेक्टर किंवा डिझेल पंपाचं सील आतल्या आत गळतंय. जमिनीवर थेंबही पडत नाही, त्यामुळे ही गळती बरीच उशिरा कळते. पातळ ऑइल क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर टिकत नाही आणि इंजिन जाम होऊ शकतं. बीएस-६ ट्रकमध्ये डीपीएफ साफ होतानाही थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर कूलंट शिरल्याची शंका घ्या. नुसतं ऑइल बदललं तर काही दिवसांत पातळी पुन्हा वर येते. त्यामुळे गाडी पुढे न नेता आधी मिस्त्रीकडून गळती शोधून घ्या.