समान कायदा, पण कुणाच्या हाताने?

शेजारी देशांनी आपले कायदे एकसारखे करावेत, त्याने व्यापार सोपा होतो आणि ग्राहकाची फसवणूक टळते, असे अर्थपंडित नेहमी सांगतात. ऐकायला हे बरे वाटते. पण समान कायदा म्हणजे नेमका कुणाचा कायदा? तो लिहिताना आत कोण बसले होते आणि दाराबाहेर कोण उभे होते? हा प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही समानतेच्या कोणत्याही घोषणेवर विश्वास ठेवत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या, वनस्पतींचे अर्क, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल अशा पूरक आरोग्य उत्पादनांसाठी एकच कायदा करण्याचा जो खटाटोप केला, त्याची हकिकत या दृष्टीने चळवळीच्या माणसाने समजून घ्यावी अशी आहे.

या दोन देशांत एकच गोळी दोन वेगळ्या नजरांनी पाहिली जाते. ऑस्ट्रेलियात १९८९ च्या कायद्याने ती औषध ठरते. तिची सरकारी यादीत नोंद करावी लागते, वेष्टणावर क्रमांक छापावा लागतो, कारखान्याला परवाना लागतो. (अर्थात, कमी धोक्याच्या गोळीचा गुण खरोखर येतो की नाही, हे विक्रीपूर्वी सरकार तपासत नाही. पुरावा कंपनीने आपल्याजवळ ठेवायचा, एवढेच.) न्यूझीलंडमध्ये मात्र १९८५ च्या नियमांनी तीच गोळी अन्नाच्या कायद्याखाली ठेवली. विक्रीपूर्वी परवानगी नाही, सरकारी नोंद नाही. फक्त रोग बरा करण्याचा दावा करायचा नाही, अशी अट. १९९८ पासून एका देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल दुसऱ्या देशातही विकता येऊ लागला, पण औषधांना त्यातून वगळण्यात आले. ही फट बुजवण्यासाठी डिसेंबर २००३ मध्ये दोन्ही सरकारांनी संयुक्त नियामक संस्थेचा करार केला.

कराराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील पॅन फार्मास्युटिकल्स या कंपनीचा परवाना सरकारने निलंबित केला होता. तिच्या प्रवासात मळमळ थांबवणाऱ्या गोळ्यांनी लोक आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा तपास सुरू झाला. गोळीगोळीत औषधाचे प्रमाण वेगळे निघाले. मग तिने बनवलेली व्हिटॅमिने आणि इतर उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. हा आकडा १,६०० च्या वर गेला. तिचा माल न्यूझीलंडच्या दुकानांतही होता आणि तिथे अशा उत्पादनांची नोंदवही नव्हती. विषबाधा सीमा पाहून होत नाही, मग नियमन सीमेपाशी का थांबावे, हा युक्तिवाद बिनतोड वाटत होता. (पुढे २००८ मध्ये याच प्रकरणात ऑस्ट्रेलिया सरकारला कंपनीच्या संस्थापकाशी साडेपाच कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. सत्ता हाती असणाऱ्या नियामकावरही नजर ठेवावी लागते, हा त्याचा धडा.)

तरीही न्यूझीलंडमध्ये विरोध उभा राहिला. त्यावेळी ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या सुमारे दोन कोटी, न्यूझीलंडची चाळीस लाख. कागदावर दोन्ही आरोग्यमंत्र्यांचा अधिकार सारखा होता, पण संस्था स्थापन व्हायची होती ऑस्ट्रेलियाच्या कायद्याखाली. खाद्यपदार्थांच्या संयुक्त मानकांचा अनुभव लोकांसमोर होता. तिथे ऑस्ट्रेलियाचे केंद्र, राज्ये आणि प्रदेश यांची मिळून नऊ मते आणि न्यूझीलंडचे एक. नव्या संस्थेचा खर्च उत्पादकांच्या शुल्कातून निघायचा होता. मोठी कंपनी ते शुल्क किमतीत मिसळून टाकते. घरगुती पातळीवर मलम आणि अर्क तयार करणाऱ्याने काय करायचे?

सर्वांत खोल प्रश्न माओरींचा होता. हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. त्यांची रोंगोआ नावाची स्वतःची उपचारपद्धती आहे. तीत झाडपाला आहे, मालिश आहे, प्रार्थना आहे. या पद्धतीकडे सरकारी कायद्याने आधी कोणत्या नजरेने पाहिले, हे माओरी विसरलेले नव्हते. १९०७ च्या कायद्याने तोहुंगा म्हणजे माओरी जाणकारांच्या उपचारांना गुन्हा ठरवले आणि त्यासाठी तुरुंगाची शिक्षा ठेवली. साथींनी माणसे मरत होती म्हणून माउई पोमारे यांच्यासारख्या माओरी डॉक्टरांनीही त्या कायद्याला पाठिंबा दिला, हेही लपवण्याचे कारण नाही. पण त्यांच्या हेतूने कायद्याचा परिणाम बदलला नाही. ज्ञानावरच बंदीचा शिक्का बसला आणि तो १९६२ पर्यंत पुसला गेला नाही. १९९१ मध्ये माओरींनी आपल्या वनस्पती आणि आपले ज्ञान यांवरील हक्कासाठी वैतांगी न्यायाधिकरणाकडे दावा दाखल केला. तो निकालात निघण्याआधीच त्या वनस्पतींपासून बनलेल्या विक्रीच्या उत्पादनांचे नियम परक्या देशाच्या भागीदारीत ठरणार होते. हरकत घेऊ नये तर काय करावे?

ही हरकत ऐकली गेली, कारण तिच्यामागे मते होती. न्यूझीलंडमध्ये १८६७ पासून माओरींच्या स्वतंत्र जागा आहेत. माओरी यादीतील मतदारच तिथला प्रतिनिधी निवडतात. २००५ च्या निवडणुकीत माओरी पक्षाने अशा चार जागा जिंकल्या. १२१ जणांच्या त्या संसदेत सरकारला स्वतःचे बहुमत नव्हते. राष्ट्रीय पक्ष आणि हरित पक्ष विरोधात होतेच, माओरी पक्षही विरोधात उभा राहिला. जुलै २००७ मध्ये पुरेशी मते नाहीत म्हणून सरकारने विधेयक बाजूला ठेवले. आमच्या वाचकांना स्वतंत्र मतदारसंघाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी कशासाठी झुंज दिली आणि १९३२ च्या पुणे कराराने हातचे काय गेले, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याच लोकांनी निवडलेली चार माणसे दोन देशांचा करार अडवण्यात वाटेकरी होऊ शकतात, हे इथे दिसले.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि आम्हाला जे सांगायचे आहे ते पुढेच आहे. २०११ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी करार पुन्हा जिवंत केला. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून तो पुरला. पूरक उत्पादनांसाठी न्यूझीलंडने २०११ मध्ये मांडलेले स्वतःचे विधेयकही तडीला गेले नाही. २०२१ मध्ये १९८५ च्याच नियमांना मुदतवाढ द्यावी लागली. २०२३ मध्ये नवा कायदा झाला. त्यावेळीही रोंगोआचा वाद उफाळला. तो कायदा अमलात येण्याआधीच २०२४ मध्ये नव्या सरकारने रद्द केला. एवढी वर्षे खटपट होऊन बाटलीवरचे लेबल वाचून खिशातला डॉलर मोजणारा सामान्य माणूस जिथल्या तिथे राहिला. श्रीमंत चांगल्या डॉक्टरला विचारून गोळी घेतो. गरीब जाहिरातीवर विश्वास ठेवून घेतो. नियम नसण्याची किंमत नेहमी गरीबच मोजतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, वाईट कायदा अडवणे ही अर्धी लढाई आहे. नकाराचा अधिकार हवाच, पण मसुदा लिहिण्याचा अधिकारही हवा. शेजाऱ्यांनी जरूर एक नियम करावा. मात्र त्यात लहान देशाचे मत मोठ्याच्या बेरजेत बुडू नये. शुल्क उत्पादकाच्या आकारानुसार असावे. ज्यांच्या ज्ञानावर धंदा उभा आहे, त्यांना साक्षीला नव्हे तर निर्णयाला बोलवावे. आणि गोळीत काय आहे, ते खाणाऱ्याला खरे सांगावे. या चार अटी न पाळता आणलेली समानता ही बलवानाच्या सोयीची व्यवस्था होय. त्या पाळून कायदा झाला, तर माओरी जाणकार आणि बाजारातला गरीब ग्राहक या दोघांचेही रक्षण एकाच कायद्याने होऊ शकते. मागणी त्याचीच करायला हवी.